मुक्ताई, चांगदेव आणि हतनूरचं पाणी : तुमचे अनुभव लिहा

भुसावळ

गेल्या मंगळवारी सासूबाईंना घेऊन चांगदेवला जाऊन आले, तेव्हापासून ते पाणी डोळ्यांसमोरून हलत नाहीये, म्हणून हा धागा काढतेय. लग्न होऊन भुसावळात आल्याला एकोणीस वर्षं झाली. दर महाशिवरात्रीच्या यात्रेला आम्ही जातोच, आधी मुक्ताई मग चांगदेव, ती रांग, पाळणे, रसवंत्या, गोडीशेव, फुफाटा, आणि रात्री सुजलेले पाय घेऊन घरी. यात्रा मला आवडते, तिच्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण यात्रा नसताना, आडवारी, सकाळी सातच्या आत त्या काठावर मी पहिल्यांदाच उभी राहिले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुक्ताईनगर तालुका, म्हणजे जुन्या माणसांचं एदलाबाद. तिथे मुलताईहून आलेली तापी आणि वऱ्हाडातून आलेली पूर्णा एकमेकींना भेटतात आणि त्या संगमावर चांगदेव गाव आहे. दगडी मंदिर खूप जुनं, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातलं. चौदाशे वर्षं जगलेले, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेले ते हेच चांगदेव. आधी कोरं पत्र पाठवलं, उत्तराला पासष्ट ओव्या आल्या, आणि शेवटी एवढ्या मोठ्या योग्याने गुरू केलं ते मुक्ताईला, एका लहान मुलीला. मुक्ताई १२९७ साली इथेच तापीकाठी वीज कडाडली त्यात दिसेनाशी झाली असं सांगतात. कोथळीला तिचं जुनं मंदिर आहे, मेहूणलाही आहे, माणसं दोन्हीकडे सारख्याच भक्तीने जातात. आणि संगमाच्या खालच्या अंगाला हतनूरचं धरण, ४१ दरवाज्यांचं, १९८२ सालचं. त्या धरणाचा फुगवटा पार संगमापर्यंत पसरलाय आणि हिवाळ्यात त्याच पाण्यावर पक्षी उतरतात. महाराष्ट्रातल्या महत्त्वाच्या पक्षी क्षेत्रांच्या यादीत हतनूरचं नाव आहे, हे मला आत्ता आत्ता कळलं, आणि घर इथून तासाभराच्या आत!

तर मंगळवारी धुकं होतं. पाणी दिसतच नव्हतं, नुसता पांढरा पडदा. सासूबाई शेवटच्या पायरीवर बसल्या, चपला बाजूला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि एकदम मान वर करून म्हणाल्या, "काव माय, भजन कुठी चालू हाय?" मी ऐकलं तर खरंच धुक्यातून आवाज येत होता, एकसारखा, खालच्या पट्टीत, मधेच कोणीतरी वरचा सूर लावल्यासारखा. देवळात तर कोणीच नव्हतं. बाजूला एक दादा नाव बांधत होते, ते म्हणाले, "वारकरी हायेत ते, काकू." सासूबाईंनी हात जोडले आणि विचारलं कोणत्या गावची दिंडी. दादांनी नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं. पाच-दहा मिनिटांत ऊन आलं, धुकं वर उचललं गेलं आणि पाण्यावर काळे ठिपके दिसायला लागले, शेकडो, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. त्या पक्ष्याचं नावच वारकरी! सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्सं आलो आपुन, आन आवाज ऐकलाच नाई." त्यांनी जोडलेले हात बराच वेळ खाली घेतले नाहीत.

म्हणून विचारतेय, तुम्ही कधी गेलात, यात्रेत, यात्रेशिवाय, पक्ष्यांसाठी, नवस फेडायला, माहेरी जाताना वाटेत, कसंही. सविस्तर लिहा. फोटो नसले तरी चालतील. फक्त घरट्यांची नेमकी जागा कोणी लिहू नका एवढी विनंती.

वरणगाव

ताई छान लिहिलंत. जाणाऱ्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगतो. दिवाळीच्या सुमारास गेलात तर पाणी काठोकाठ असतं आणि पक्षी लांब असतात. डिसेंबर संपता संपता पाणी उतरायला लागलं की गाळाचे पट्टे उघडे पडतात, मग शेकाट्या, धोबी, तुतारी हे चिखलात टोचणारे सगळे काठावर येतात. संक्रांत ते शिवरात्र सगळ्यात चांगलं. सूर्य पाठीशी घेऊन बसा. सकाळी नऊनंतर पाण्यावर एवढी चमक येते की दुर्बीण असून नसल्यासारखी. पांढरा शर्ट नको. आणि गाळावर पाय ठेवू नका, वरून वाळलेला दिसतो पण खाली मांडीएवढा असतो, आमच्या ओळखीतल्या एकाला दोर टाकून काढावं लागलं होतं.

जळगाव, सध्या पुणे

मी पक्ष्यांसाठी जातो, गेली बारा वर्षं. आधी नांदूर मधमेश्वरला जायचो, ते गोदावरी-कादवा संगमावर निफाडजवळ, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, तिथे मनोरे आहेत, गाईड आहेत, सगळी सोय आहे. एकदा गावी आलो असताना मावसभाऊ म्हणाला आपल्याकडे पण संगम आहे की, चल. गेलो, आणि पहिल्याच सकाळी पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंस तिबेट, लडाख, मंगोलियाकडच्या तलावांवर पिल्लं घालतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. असा पक्षी केळीच्या बागा आणि गव्हाच्या शेतांच्या मधल्या पाण्यावर निवांत पाठीत चोच खुपसून झोपलेला पाहिला तेव्हा माझा श्वास अडकला होता, खोटं नाही सांगत.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. तिसऱ्या वर्षी मी टेलिस्कोप घेऊन गेलो, स्टँडवर लावला, तर गावातली पोरं जमली, मग पोरांच्या आया, मग एक आजी आल्या, ऐंशीच्या असतील. मोठी लालसरी या बदकावर टेलिस्कोप लावून दिला होता, नर, केशरी डोकं आणि लालभडक चोच. आजींनी एक डोळा मिटला, दुसरा लावला, आणि काही बोलल्याच नाहीत. मागे पोरांची रांग लागलेली. मग सावकाश म्हणाल्या, "चोच कुंकवावानी हाय रे." तीनदा परत रांगेत येऊन पाहिलं. मला म्हणाल्या, जल्म गेला या पाण्यावर धुणं धुण्यात, हे लाल बदक रोज दिसायचं पण लाल आहे हे नव्हतं माहीत, लांबून सगळी काळीच दिसतात. त्या दिवसापासून मी टेलिस्कोप आधी तासभर गावातल्या लोकांसाठी लावतो, आणि मग माझ्यासाठी.

एक गंमत वाटते ती नावांची. पुस्तकातली नावं मी शिकलो, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, हळदी-कुंकू. आणि नाववाले भोई दादा ज्या पक्ष्याला जे म्हणतात ते वेगळंच, प्रत्येक काठाला वेगळं. पण वारकरी मात्र वारकरीच आहे, इथून पार सोलापूरपर्यंत.

मुक्ताईनगर

आम्ही इथलेच. माझी आजी वैशाखात आभाळ गडगडलं की हातातलं काम टाकून अंगणात यायची. सगळे घरात पळतात तेव्हा ही बाहेर. वीज चमकली की हात जोडून "मुक्ताई" म्हणायची, एवढंच. आम्हाला भीती वाटायची, आई ओरडायची की अंगावर पडेल, तर आजी म्हणायची ती कशाला पडते, ती तर आपली लेक आहे, घरी आलीय बघायला. आजी जाऊन वीस वर्षं झाली, पण आजही पहिली वीज कडाडली की माझे पाय आपोआप अंगणाकडे वळतात. (झाडाखाली उभं राहायचं नाही एवढं मी पाळते.)

ज्येष्ठात कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. बुलडाणा, जालना, बीड करत महिन्याहून जास्त चालते, मानाच्या पालख्यांमध्ये लांबच्या पल्ल्याची म्हणून हिचं नाव घेतात. आजी दोनदा पायी गेली होती. तिच्यासोबतच्या बायका निघायच्या आदल्या रात्री आमच्या ओसरीवर मुक्कामाला असायच्या, चुलीवर कळण्याच्या भाकरी, ठेचा, आणि सगळ्यांच्या गाठोड्यात एकेक बाटली तापीचं पाणी. मी विचारलं होतं पंढरपुरात चंद्रभागा आहे की, मग हे पाणी कशाला? तर म्हणाली, लेक माहेराहून जाते तर रिकाम्या हाताने जाईल का?

पक्ष्यांचं म्हणाल तर आमच्याकडे कोणी मुद्दाम बघायला जायचं नाही. चक्रवाक मात्र आजीला ठाऊक होते, ती भगवी बदकं. नर-मादी दिवसभर सोबत असतात आणि रात्री नदीच्या दोन काठांना बसून एकमेकांना हाका मारतात असं सांगायची. रात्री खरंच त्या हाका ऐकू येतात, आँग आँग अशा, लांबपर्यंत. लग्नानंतर माझे मिस्टर दोन वर्षं परदेशात होते, तेव्हा मी थंडीत गच्चीवर झोपायचे आणि त्या हाका ऐकायचे. त्याबद्दल अजून जास्त लिहिता येत नाही.

रावेर तालुका

आमची गाळपेर आहे. शहरातल्या लोकांना माहीत नसेल, धरणाचं पाणी उतरलं की तळातली जी जमीन उघडी पडते ती आम्ही कसतो, त्याला गाळपेर म्हणतात. पूर्णा काळ्या मातीतून येते, ती गाळ एवढा आणते की धरणाच्या नावाने सगळे बोंबलतात की भरत चाललं, आणि आमच्यासाठी तोच गाळ सोनं. खत लागत नाही. हरभरा, गहू, पुढे टरबूज-डांगराच्या वाड्या.

आता खरं सांगतो, वर त्या दादांनी लिहिलेले कादंब आमचा कोवळा हरभरा खातात. संध्याकाळ झाली की पाण्यावरून उठतात आणि शेतात उतरतात, सकाळी बघावं तर कातरून टाकल्यासारखं. माझे वडील डबे वाजवायचे, मीपण वाजवतो. पण वडिलांनी कधी विष टाकलं नाही की जाळं लावलं नाही, शेजारच्याने एकदा काढलं होतं विषाचं तर वडील त्याच्या बांधावर जाऊन बसले रात्रभर, भांडले नाहीत, नुसते बसले. सकाळी तो म्हणाला, आबा जा घरी, नाही टाकत. वडिलांचं गणित साधं होतं, ही जमीन पाण्याची आहे, पाणी काही महिने आपल्याला देतं, हे पक्षी पण पाण्याचेच, त्यांचा वाटा जातो. आमचं जुनं घर त्या पाण्यात गेलंय, जिथे आत्ता बदकं पोहतात तिथे कुठेतरी आमचं जातं आहे असं आई म्हणायची. म्हणून तो वाटा देताना मला दुःख नाही असं नाही, पण देतो. वाटा पिकाचा नोंदवून घेऊन कोणी भरपाई दिली तर बरं होईल, एवढं कोणी वर पोचवता येत असेल तर बघा.

शिरपूर

आम्ही गेलो मे महिन्यात. आमना गावना आठ-दहा जण, नवस होता मोठ्या भाऊचा, म्हणून थांबता आलं नाही. ऊन असं की दुपारी बाराला दगडावर अनवाणी पाय ठेवला तर फोड. पक्षी म्हणाल तर दोन-चार बगळे, एक खंड्या. पण देवळात शिरलो आणि गार, एकदम गार, बाहेर पंचेचाळीस आणि आत जणू माठात बसलोय. आम्ही दगडाला पाठ लावून तासभर बसलो. कोणी बोललं नाही. माझा लहान मुलगा, पाच वर्षांचा, ज्याला घरी पाच मिनिटं गप्प बसवणं अवघड, तो त्या खांबाला गाल लावून झोपून गेला. थंडीत परत जाणार, हा धागा वाचून नक्की झालं.

जळगाव

माझा अनुभव चांगला नाही पण लिहितेच. मागच्या वर्षी फेब्रुवारीत रविवारी गेलो होतो, काठावर बसलो होतो, समोर साधारण दोनशे बदकं, तलवार बदकं जास्त. ती पाण्यात डोकं घालून शेपटी वर करतात ना, सगळी एकदम, तसं चाललं होतं आणि मुली हसत होत्या. तेवढ्यात एक मोटरबोट आली, वाढदिवसाचा ग्रुप, स्पीकर लावलेला, आणि एकाने वर ड्रोन सोडला. थवा उठला. बसला, परत उठवला, व्हिडिओ चांगला यावा म्हणून. पाच वेळा मोजलं मी. सहाव्यांदा थवा उठला तो खाली आलाच नाही, धरणाच्या दिशेने गेला.

मी काठावरून हाक मारून सांगितलं तर म्हणाले, काकू, आम्ही मारलं का कोणाला? आता हे त्यांना कसं समजावणार, की या पक्ष्यांना मार्च-एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर परत जायचंय, इथे बसून खाऊन अंगावर चरबी चढवली तरच ते तिकडे पोचतात, प्रत्येक वेळी उडवलं की त्या साठ्यातून खर्च होतो. मारलं नाही, पण वाटेतल्या शिदोरीतून घास काढून घेतला. नंतर दोन ठिकाणी तक्रार द्यायला गेले, एकाने सांगितलं हे आमच्याकडे येत नाही, दुसऱ्याने सांगितलं लेखी द्या, दिलं, पुढे काही नाही. तरी मी दर वर्षी देणार आहे. यात्रेत लाखभर माणूस आलं तरी ते देवळाशी असतं, रस्त्याशी असतं, पाण्यातल्या मधल्या पट्ट्यात कोणी जात नाही. त्रास होतो तो अशा पाच-दहा जणांचा.

भुसावळ

धागा काढणारी मीच परत. जळगावच्या ताई, पुढच्या वेळी अर्जावर माझी पण सही घ्या, खरंच सांगतेय, मेसेज करा. आणि रावेरच्या दादांचं वाचून मी सासूबाईंना वाचून दाखवलं, जात्याचं. त्यांच्या मामाचं गाव पण त्या पाण्यात गेलंय, हे मला एकोणीस वर्षांत आज कळलं.

फैजपूर

मीपण लिहितो, पक्षी हातात घेतल्याचा अनुभव आहे म्हणून. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, जानेवारीचा दुसरा आठवडा. मित्राबरोबर नावेत होतो, वल्ह्याची नाव, भोई दादा साठीचे. गवताच्या कडेला एक वारकरी नुसता जागच्या जागी फडफडत होता. बाकीचे पळाले. हे उडताना आधी पाण्यावर धावतात बघा, पाय आपटत, फटफटफट आवाज करत, मग वर उठतात. हा धावायला बघायचा आणि तोंडावर पडायचा. दादांनी लांबूनच ओळखलं, म्हणाले तंगूस अडकलंय, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा.

जवळ गेलो. दादांनी खांद्यावरचा पंचा टाकून त्याला उचललं आणि माझ्या मांडीवर दिलं, म्हणाले डोकं झाका, अंधार झाला की गप होतो. झाकायच्या आधी मी पाहिलं, डोळे लाल, अगदी माणकासारखे, आणि कपाळावरचा तो टिळा म्हणजे पिसं नाहीतच, चोचीचाच पांढरा भाग वर कपाळावर चढलेला, गुळगुळीत, खडूने घासल्यासारखा. वजन कोंबडीच्या तलंगीएवढं. पाय मी कधी नीट पाहिले नव्हते. बदकासारखा जोडलेला पडदा नाही, प्रत्येक बोटाला वेगळ्या पाकळ्या, हिरवट-राखाडी झालर लावल्यासारख्या, आणि नखं चांगलीच धारदार, माझ्या मनगटावर एक ओरखडा अजून आहे. तंगूस दोन बोटांना आणि पंखाच्या मुळाशी गुंडाळलेलं, एका बोटात रुतून मांस दिसत होतं.

दादांकडे भाजी कापायचा छोटा विळा होता, त्याने एकेक वेढा कापला. पंधरा मिनिटं लागली असतील. त्यांचे हात जाळं विणणारे, जाड, भेगाळलेले, पण त्या बोटाच्या पाकळीला धक्का लागू दिला नाही. सगळं निघालं तेव्हा त्यांनी ते तंगूस पाण्यात न टाकता गोळा करून बंडीच्या खिशात घातलं. मी म्हटलं दादा हे तुमचं का, तर म्हणाले, "आपलंच कोनाचं तरी असंल, आपुनच टाकतो." मग पंचा उघडला. तो लगेच नाही गेला. नावेच्या काठावर दोन मिनिटं बसला, आमच्याकडे बघत नाही, पाण्याकडे बघत, आणि मग उतरला, पोहत गेला, धावला नाही. लंगडत होता की नाही पाण्यात कळत नाही ना. दादांनी पैसे घेतले ते नेहमीचेच, वरचे दिले ते परत केले.

त्यानंतर मी प्रत्येक वेळी एक पिशवी नेतो आणि काठावरचं तंगूस, जाळ्याचे तुकडे गोळा करतो. एका सकाळी किलोभर सहज निघतं. कोणी जाणार असेल तर पिशवी न्या.

सावदा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. सहावी-सातवीची एकतीस मुलं घेऊन गेलो होतो, सकाळची एसटी, डबे सोबत, भरीत-भाकरी प्रत्येकाच्या डब्यात, त्या वासाने अर्धी बस भुकेली झाली. मुलांना सांगितलं होतं की देवळात जसे वागता तसंच काठावर वागायचं. त्यांना ते पटकन कळलं, दुसरं काही समजवावं लागलं नाही. चपला सुद्धा काढल्या पाण्याजवळ, मी सांगितलं नव्हतं.

एक भोवत्या आला, शिकारी पक्षी, गवतावरून खालून खालून उडत. तो दिसताच इकडे तिकडे पसरलेले सगळे वारकरी एकदम गोळा व्हायला लागले, चहूकडून पोहत येऊन एकच काळा गठ्ठा झाला, एकाला एक चिकटून, आणि भोवत्या वर फिरला की सगळ्यांनी मिळून पाणी उडवलं. तो दोन फेऱ्या मारून निघून गेला. मुलं श्वास रोखून बघत होती. एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली, "सर, रिंगण." तिच्या घरची माणसं दर वर्षी पालखीसोबत जातात, तिने पाहिलंय रिंगण. मला तो शब्द सुचला नसता.

परत आल्यावर वहीत लिहायला सांगितलं, तर एकाने लिहिलं की चांगदेव महाराज एवढे मोठे असून मुक्ताईकडून शिकले, तसं मी माझ्या लहान बहिणीला आता मारणार नाही. पक्ष्यांवर निबंध होता. मी पूर्ण मार्क दिले.

सुरत

मूळ गाव चोपडा, पोटापाण्यासाठी इथे, बावीस वर्षं झाली. सुरतेत आपली खान्देशी माणसं किती आहेत ते सांगायला नको. रोज कामाला जाताना तापीचा पूल ओलांडतो. लहानपणी आजोबांबरोबर चांगदेवला गेलो होतो तेव्हा त्यांनी संगमावर झेंडूचं फूल सोडायला लावलं आणि सांगितलं हे सुरतेला समुद्रात जाईल. सुरत म्हणजे काय तेव्हा माहीत नव्हतं. मधे हतनूर, मधे उकाई, फूल कुठलं पोचतंय, पण पुलावरून जाताना मी खाली बघतोच. आषाढात सप्तमीला तापीची जयंती असते, इथे चुनरी अर्पण करतात नदीला. यंदा दिवाळीनंतर गावी येतोय तेव्हा मुलीला घेऊन संगमावर जाणार. फूल तिच्या हातून सोडणार. वरचं वाचून ठरवलं की प्लास्टिकचा द्रोण नाही, नुसतं फूल.

पाचोरा

हरताळ्याचा तलाव पण बघा जाता-येता, महामार्गाला लागूनच आहे. श्रावणबाळाची जागा म्हणून लोक दर्शनाला जातात, दशरथाचा बाण लागला तो इथेच असं सांगतात. पाण्यात कमळपक्षी आणि टिबुकल्या असतात. आम्ही अर्धा तास म्हणून थांबलो आणि दुपार झाली.

मेहूण

धागा जुना झालाय पण लिहितो. काल रात्री साडेआठच्या सुमारास वाडीवर होतो, टरबुजाची राखण. आठ-दहा दिवसांपासून कादंब आणि चक्रवाक बेचैन होते, एकदम उठायचे, फेरी मारून परत बसायचे. काल उठले ते आवाज करत वर वर गेले, संगमावरून एक मोठा वळसा घेतला आणि उत्तरेला सातपुड्याकडे निघाले. चांदणं होतं त्यामुळे ओळ बराच वेळ दिसली. आवाज ओळीच्या नंतर पण येत राहिला. सकाळी त्यांच्या जागेवर जाऊन आलो, गाळावर पायांचे ठसे आणि पिसं. वारकरी आहेत अजून, बरेच आहेत. पाणी कालपेक्षा दोन हात मागे सरकलंय, आज तिथे वेलांच्या आणखी दोन रांगा लावल्या.